शोधनिबंधातलं वाङ्मयचौर्य : या चुका टाळा

आमच्या रत्नागिरीकडच्या एका छोट्या संशोधन पत्रिकेचं संपादन आम्ही तिघं प्राध्यापक तास सांभाळून करतो. गेल्या वर्षी एकाच आठवड्यात दोन लेख आले. सॉफ्टवेअरने दाखवलेलं आधीच्या मजकुराशी साम्य रातांब्याच्या रसावरच्या लेखात ३१ टक्के, कातळशिल्पांवरच्या मराठी लेखात ०. पहिला आम्ही परत धाडला, दुसरा छापला. दोन्ही निर्णय चुकले.

रातांब्याच्या लेखाचा अहवाल नंतर उघडला, तर जुळलेल्या मजकुरावर चढणारा रंग निम्म्याहून जास्त संदर्भसूचीवर होता, उरलेला आम्लता मोजायच्या ठरलेल्या पद्धतीवर. खरी उचल दोन वाक्यांची. ती सुधारून घेता आली असती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे संदर्भसूची, श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, कायदे, प्रमाणित समीकरणं मोजणीतून आधीच वगळायची असतात. आम्ही ती वगळलीच नव्हती. त्याच नियमावलीत १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. त्याचा अर्थ काहीजण ‘तेवढं उचललं तरी चालतं’ असा काढतात, तो त्यांचा.

कातळशिल्पांचं प्रकरण वाईट होतं. लेख ज्या प्रबंधातून उचलला होता, त्यात राजापूर तालुक्यातलं देवाचे गोठणे हे गाव चुकून लांजा तालुक्यात पडलं होतं. आमच्या लेखातही ते लांज्यातच. राजापूरच्या एका वाचकाने फोन करून विचारलं, “सर, आमचं गाव कधी हलवलंत?” प्रबंध काढून बघितला, तर तीन पानं जशीच्या तशी.

मग ० टक्के आले कुठून? लेखकाने मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करून पीडीएफ केला होता. पडद्यावर ‘कातळ’ दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं नि चिन्हांची खिचडी. सॉफ्टवेअर ती खिचडीच वाचतं, मग ती जुळणार कशाशी? म्हणून मराठी लेखातली एखादी ओळ आधी नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. कचरा उमटला तर युनिकोड फाइल मागवा. त्यातही मूळ प्रबंध नुसता स्कॅन केलेला असेल, किंवा मराठीतला परिच्छेद इंग्रजीत नेला असेल, तर यंत्र बहुधा गप्पच राहतं. तिथे विषयातला माणूस लागतो. स्वतःचाच परिषदेतला निबंध न सांगता पुन्हा छापायला देणारेही असतात, त्यांना पहिल्या ईमेललाच विचारून टाकावं.

सापडल्यावर आम्ही आणखी एक घोळ घातला. साइटवरून पीडीएफ गुपचूप काढली. लेखक ओळखीचा, भाजी घेताना भेटणारा, कशाला बोभाटा! पण लेख तोवर लोकांनी उतरवून घेतला होता, आणि तो का नाहीसा झाला हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. १९९७ साली स्थापन झालेल्या ‘कोप’ या प्रकाशन नीतिमत्ता समितीचे प्रवाहतक्ते, म्हणजे कुठल्या पायरीला काय करायचं ते दाखवणारे तक्ते, अशा वेळी कामी येतात. दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून तक्ता करायचा, पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला तो लेखी पाठवून खुलासा मागायचा. फोनवर मिटवायचं नाही. खुलासा पटला नाही, तर कारण देऊन लेख मागे घेतल्याची सूचना छापायची आणि लेखकाच्या संस्थेला कळवायचं. लेख साइटवर राहतो, पानापानावर ‘मागे घेतला’ असा शिक्का घेऊन.

आम्ही पीडीएफ परत चढवली आणि पत्र धाडलं. आठव्या दिवशी उत्तर आलं : ‘अनवधानाने संदर्भ द्यायचा राहिला.’

तीन पानं. अनवधानाने.