आठ-नोड एलिमेंट: कडेवर समान ताण दिला, तरी उत्तर एकसमान येईना (माझा अनुभव)

फायनाइट एलिमेंट पद्धतीने (वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून ताण काढायची रीत) एक साधं गणित करत होतो. प्रत्येक एलिमेंटला चार कोपऱ्यांवर आणि चार कडांच्या मध्यावर असे आठ बिंदू, म्हणजे नोड. २०० × १०० मिमी, १० मिमी जाड पोलादी पट्टी, प्लेन स्ट्रेस (जाडीच्या दिशेने ताण शून्य), उजव्या कडेवर १०० एमपीए (न्यूटन प्रति चौरस मिमी) ताण. उत्तर सगळीकडे १०० यायला हवं. पण दोन्ही टोकांशी आकडे वरखाली होत होते. मेश (एलिमेंटची जाळी) बारीक केली, इंटिग्रेशन पॉइंट (एलिमेंटच्या आत जिथे हिशोब होतो ते बिंदू) बदलले, फरक शून्य. दोन रात्री गेल्या, अक्षरशः रडकुंडीला आलो.

चुका दोन होत्या. कडेवरचे १०० किलोन्यूटन (१०० एमपीए × १०० मिमी × १० मिमी) मी त्या कडेवरच्या दोन एलिमेंटच्या पाच नोडवर सारखे, २०-२० वाटले होते. आणि डावी कड पूर्ण जखडली होती, त्यामुळे पट्टीला आडवं आकसता येत नव्हतं.

आधी डाव्या कडेच्या सगळ्या नोडना फक्त एक्स दिशेला अडवलं. मग खालच्या डाव्या कोपऱ्यातला एकच नोड वाय दिशेलाही अडवला; तो विसरलात तर मॅट्रिक्स सिंग्युलर होते, म्हणजे समीकरणं सुटतच नाहीत. नंतर प्रत्येक एलिमेंटच्या कडेवरचा भार १/६, ४/६, १/६ असा वाटला. दोन एलिमेंट, प्रत्येकी ५० किलोन्यूटन. सामाईक नोडवर दोन्हींची बेरीज. म्हणजे खालून वर: ८.३३, ३३.३३, १६.६७, ३३.३३, ८.३३.

ई (पोलादाचा यंग मापांक) २ लाख एमपीए धरून उजवी कड बरोबर ०.१ मिमी सरकली आणि ताण सगळीकडे १००.