टेनंट डिलीट करायचं डॉक्युमेंट शिळं होऊ नये म्हणून

आमच्या ऑफिसात छोट्या कंपन्यांचे मायक्रोसॉफ्ट 365 चे टेनंट, म्हणजे प्रत्येक कंपनीची तिथली स्वतंत्र जागा, सांभाळायचं काम चालतं. एखादी कंपनी दुसरीत विलीन होते, कुणी ट्रायल घेऊन विसरून जातं, आणि मग जुना टेनंट कायमचा काढायची वेळ येते. ते कसं करायचं याचं डॉक्युमेंट मी 2021 साली लिहिलं. चांगलं चौदा पानी, पायरीगणिक स्क्रीनशॉट. मला त्याचा अभिमानही होता.

गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलाने ते उघडलं आणि दहा मिनिटांत माझ्या टेबलाशी आला. "ताई, अझ्युअर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी कुठेच सापडत नाहीये." सापडणार कुठून? टेनंटमधले युझर आणि त्यांचे अधिकार जिथे असतात ती ही डिरेक्टरी, आणि 2023 मध्येच तिचं नाव मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी झालं. पुढच्या पानावरच्या पॉवरशेलच्या (टाइप करून काम करून घ्यायच्या टूलच्या) कमांडही जुन्या एमएसऑनलाइन मॉड्यूलच्या, आणि ते मॉड्यूल 2025 मध्ये बंद झालेलं. आता त्या जागी मायक्रोसॉफ्ट ग्राफचं मॉड्यूल वापरायचं. पोराचा अख्खा दिवस गेला, चूक माझी.

त्यानंतर मी सगळ्यात आधी स्क्रीनशॉट काढून टाकले. एकतीस होते, एक ठेवला. पोर्टलमधली बटणं इकडची तिकडे होतात आणि चित्र जुनं झालं की वाचणाऱ्याचा पुढच्या ओळींवरचाही विश्वास उडतो. चित्राऐवजी काय दिसायला हवं ते लिहा. माझी ओळ अशी आहे: "ओव्हरव्ह्यूमधून 'मॅनेज टेनंट्स'वर जा, टेनंट निवडा, 'डिलीट' दाबा. समोर तपासण्यांची यादी आली पाहिजे. नाही आली तर थांबा, जागा चुकली आहे." ठेवलेला स्क्रीनशॉट त्या यादीचाच.

खरी गोम क्रमात असते. टेनंट डिलीट व्हायला त्याच्यात डिलीट करणारा एक ग्लोबल (सगळे अधिकार असलेला) अ‍ॅडमिन सोडून कुणी युझर चालत नाही, अ‍ॅप्लिकेशन चालत नाही, सबस्क्रिप्शनही चालत नाही. यातलं सबस्क्रिप्शन वेळखाऊ. नुसतं रद्द केलं तर ते आधी 'डिसेबल्ड' होतं, आणि तेवढ्याने तपासणी पास होत नाही. माझ्या डॉक्युमेंटात ही पायरी अकराव्या पानावर होती. म्हणजे माणूस दिवसभर युझर साफ करणार आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याला कळणार की अजून तीन दिवस थांबायचंय. जुनी ओळ होती, "सर्व सबस्क्रिप्शन्स रद्द करून पुढे जावे." आता पहिल्याच पानावर आहे:

"सबस्क्रिप्शन रद्द करा. मग अ‍ॅडमिन सेंटरमध्ये त्याच सबस्क्रिप्शनवर 'डिलीट' करा. आजची तारीख इथे लिहा: ______. तीन दिवस थांबा. आज बाकी कशाला हात लावू नका."

थांबायच्या पायऱ्या आधी, हाताच्या पायऱ्या नंतर.

अडलं की स्क्रीनवर येणारा मेसेज जसाच्या तसा डॉक्युमेंटात चिकटवा, कारण अडलेला माणूस तोच मेसेज सर्च करतो. उदाहरणार्थ, अझ्युअरची (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेची) संसाधनं डिलीट करायची परवानगी नाही असा मेसेज येतो. त्याच्याखाली एवढंच लिहिलंय: प्रॉपर्टीजमध्ये 'अझ्युअर संसाधनांचं अ‍ॅक्सेस मॅनेजमेंट' 'येस' करा, बाहेर पडून पुन्हा लॉगिन व्हा.

मायक्रोसॉफ्टचे नियम मात्र स्वतःच्या शब्दांत उतरवून ठेवू नका. त्यांच्या अधिकृत पानाची लिंक द्या आणि ते आपण शेवटचं कधी वाचलं ती तारीख लिहा. आपल्या डॉक्युमेंटात आपल्यापुरतंच असावं: क्लायंटकडून लेखी होकार कुणी घ्यायचा, मेलचा बॅकअप कुठे ठेवायचा, डोमेन (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं कंपनीचं नाव) आधी मोकळं केलं का. ते शेवटचं विसरू नका. जुन्या टेनंटमध्ये अडकलेलं डोमेन नव्या टेनंटला जोडता येत नाही.

वार्षिक आढावा वगैरे आमच्याकडे कधी झाला नाही, होणारही नाही. वर्षाला चार-पाच टेनंट जातात, तोच आढावा. काम सगळ्यात नवीन माणसाला द्यायचं. मी मागे खुर्ची घेऊन बसते, तोंड बंद. तो जिथे वळून माझ्याकडे बघतो तिथे डॉक्युमेंट फाटलेलं आहे असं समजायचं आणि ती ओळ त्याच दिवशी त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायची. माझ्याकडून नाही, मी लिहिलं की पुन्हा 'करून पुढे जावे' सुरू होतं. पायरीशेजारी त्याचं नाव आणि तारीख.

सगळ्यात वरची ओळही अशीच आली. एका क्लायंटकडे सगळं साफ झालं, उरला फक्त शेवटचा अ‍ॅडमिन. लॉगिन करायला गेलो तर खात्री करायचा कोड सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या फोनवर. त्या मुलाने काही न विचारता डॉक्युमेंट उघडलं आणि शीर्षकाच्याही वर टाइप केलं: "शेवटच्या अ‍ॅडमिनचा फोन कुणाच्या खिशात आहे?"