मनातली चढाई घड्याळ लावून मोजा

ठाणे-नवी मुंबईत कबड्डीचं प्रशिक्षण द्यायला नवीन उतरलेल्यांसाठी हे लिहितोय. दम, पदन्यास, पकडी तुम्हाला येतातच. मनातल्या सरावाबद्दल मात्र "डोळे मिटा आणि जिंकताना बघा" एवढंच सांगितलं जातं. गळ्यात पदक पडताना बघून हुरूप येतो, पाय काही शिकत नाहीत.

सगळ्यात मोठी फसगत वेळेची. मॅटवर वीस सेकंद चाललेली चढाई मनात सहा-सात सेकंदांत उरकते. मध्यरेषा ओलांडली, हात लागला, परत आलो! निदानरेषेवर वजन कुठल्या पायावर होतं, डावा कोपरारक्षक कधी खाली वाकला, दम कुठे तुटायला आला, हे मधलं सगळं गळून जातं. सरावायचं तर तेच असतं. अशी कापलेली चढाई महिनाभर घोकली तर घाईच घोकली जाते. होम्स आणि कॉलिन्स या क्रीडा मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये मांडलेल्या 'पेटलेप' (PETTLEP) या मनातल्या सरावाच्या आराखड्यातल्या सात घटकांत वेळेला वेगळं स्थान आहे ते उगाच नाही.

उपाय सोपा आहे. आधी खेळाडूच्या पाच खऱ्या चढाया स्टॉपवॉचवर मोजा. मग त्याला बूट-जर्सी घालून, गुडघे वाकवून, मध्यरेषेवर उभं करा आणि स्टॉपवॉच त्याच्याच हातात द्या. पाऊल टाकताना सुरू, परतल्यावर बंद. "कबड्डी कबड्डी" हळू आवाजात म्हणायला लावा, म्हणजे श्वासच वेळ सांभाळतो. दोन-तीन सेकंदांचा फरक चालेल. त्याहून जास्त आला तर काय काय दिसलं ते क्रमाने विचारा. गळलेला तुकडा लगेच सापडतो. नवा डाव शिकताना संथ गतीत बघितलं तर हरकत नाही, पण शेवटच्या दोन फेऱ्या खऱ्या वेगातच हव्यात. तीन-चार चढाया, दहा मिनिटं, पुरे.

बघायचं स्वतःच्या डोळ्यांनी. समोरच्याचे गुडघे दिसले पाहिजेत, आपली पाठ नव्हे.

चित्र दिसतच नाही म्हणून घाबरू नका, बऱ्याच जणांचं सुरुवातीला असंच होतं. तळव्याखालची मॅट, शिट्टी, घोट्यावर पडलेला हात आठवा. तेवढ्यावरही काम चालतं.

दर वेळी मनात पकडच होत असेल तर "पकडलं जायचं नाही" असं बजावू नका. मन पकडच दाखवेल. पकडीच्या आधीच्या क्षणावर थांबा आणि तिथून सुटका बघा. सुटकाच येत नसेल तर डोळे उघडा आणि आधी मॅटवर शिका. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायला मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं. हातांचे फटके मोजत तो पोहला आणि विश्वविक्रमासह जिंकला. गडबड होऊ शकते हे त्याने आधीच मनात धरलं होतं, पुढे काय करायचं त्यासकट.

ठाणे-वाशी लोकलमध्ये बसून मनातल्या सरावाचे ऑडिओ ऐकणं म्हणजे सराव झाला असं मला वाटत नाही. एका दिवसाच्या शिबिरांवरही पैसे घालू नका. "काय दिसलं?" असं विचारून उत्तर संपेपर्यंत गप्प बसणारे सर मिळाले तर त्यांना सोडू नका.

सामना नेरुळ-वाशीकडे असेल तर अर्धा तास आधी पोहोचा. मध्यरेषेवर उभं राहून दिवे कुठल्या बाजूने डोळ्यांवर येतात आणि पंच कुठे उभे राहतात ते बघा, आणि पहिली चढाई तिथेच, घड्याळ लावून, मनात करा.