शैवाक ओळखताना: भिंग, अभिकर्मक आणि डीएनए यांचा एकत्र वापर

शैवाक, म्हणजेच लायकेन, ओळखण्यासाठी आज तीन प्रकारचे पुरावे वापरले जातात: भिंगाखाली दिसणारे रूप, कायकात (शैवाकाच्या शरीरात) साठलेली रसायने आणि डीएनए. जगभरात सुमारे २०,००० जातींचे वर्णन झालेले आहे आणि शैवाकांतील वैशिष्ट्यपूर्ण संयुगांची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे. त्यामुळे केवळ रंग आणि आकार पाहून नाव देणे पुरत नाही हे खरे; पण म्हणून थेट डीएनएकडे धाव घ्यावी असेही नाही. तिन्ही पुरावे एकाच नमुन्यातून, शक्यतो एकाच तुकड्यातून आणि योग्य क्रमाने मिळवले, तरच ते एकमेकांची तपासणी करू शकतात. यंत्रांची निवड नंतरची गोष्ट आहे. नवशिक्या अभ्यासकाने आधी हा क्रम बसवावा, असे माझे मत आहे.

काम सुरू करण्यापूर्वी आपण नाव कोणाला देत आहोत हे स्पष्ट असावे. शैवाक म्हणजे कवक आणि प्रकाशसंश्लेषण करणारा सोबती यांचे सहजीवन, हा विचार सायमन श्वेन्डेनर यांनी १८६७ मध्ये मांडला, आणि आजच्या नामकरणाच्या नियमांनुसार शैवाकाचे शास्त्रीय नाव त्यातील कवकाचे असते. सोबती म्हणून ट्रेबॉक्सिया किंवा ट्रेन्टेपोहलियासारखे हिरवे शैवल असते, नाहीतर नॉस्टॉकसारखा सायनोजीवाणू. त्याचे नाव स्वतंत्र राहते. याखेरीज त्याच कायकात इतर जीवाणू, यीस्ट आणि परजीवी कवकेही राहत असतात. प्रयोगशाळेत पोहोचलेला तुकडा अशी मिश्र वस्ती असतो, हे डीएनएच्या टप्प्यावर विसरणाऱ्याला हमखास फटका बसतो.

नमुना गोळा करणे

जागेच्या मालकाची किंवा संबंधित खात्याची परवानगी आधी घ्यावी. खडकाला घट्ट चिकटून वाढणाऱ्या अनेक जाती वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत, म्हणून एका ठिकाणचे सगळे कायक कधीही उचलू नये. तीन चाचण्यांना मिळून नखाएवढा तुकडा पुरतो, आणि संग्रहात ठेवण्यासाठी फळे व कडा असलेला थोडा मोठा भाग घ्यावा. पर्णिल, म्हणजे पानासारखे, शैवाक कोरडे असताना ठिसूळ असते, त्यामुळे ते पाण्याने किंचित ओले करून पातळ सुरीने सोडवावे. खडकावरील जातींसाठी छिन्नी लागते. नमुना कागदी पाकिटातच ठेवावा, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा अडकून एक-दोन दिवसांत बुरशी चढते आणि त्या बुरशीचा डीएनए पुढे आपलाच म्हणून वाचला जातो. आधारभूत पृष्ठभाग कोणता, त्याची दिशा, उंची, अक्षांश-रेखांश आणि तारीख यांची नोंद जागेवरच करावी. सावलीत, खेळत्या हवेत वाळवून झाल्यावर डीएनएसाठीचा छोटा भाग वेगळा काढून उणे २० अंश सेल्सियसला ठेवणे उत्तम.

घरी आल्यावर पहिले काम दहापट भिंगाचे आणि नंतर सूक्ष्मदर्शकाचे. कायकाच्या कडा, पृष्ठभागावरील पिठासारखी किंवा काट्यांसारखी प्रजनक रचना, खालच्या बाजूचे मुळांसारखे धागे (मूलकल्प), बशीसारखी फलकाये आणि बीजाणूंचा आकार व पडदे यांची नोंद रसायनांना हात लावण्यापूर्वी करावी. छायाचित्रही आताच घ्यावे.

थेंब चाचण्या

विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि विरंजक द्रव यांच्या थेंबांनी शैवाकाचा रंग बदलतो हे वर्गीकरणासाठी वापरले, आणि यासुहिको आसाहिना यांनी १९३४ मध्ये पॅराफेनिलिनडायअमाइनची भर घातली. हे तीन अभिकर्मक आजही के, सी आणि पी या अक्षरांनी ओळखले जातात. के म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे सुमारे १० टक्के द्रावण. सी म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे ताजे विरंजक द्रव. आणि केसी म्हणजे आधी के लावून लगेच त्याच जागी सी. यांतील सी हा सर्वांत फसवा आहे, कारण उघडी बाटली दिसायला तशीच राहते पण तिची शक्ती ओसरलेली असते. लेकॅनोरिक किंवा जायरोफोरिक आम्ल असलेला माहितीतला तुकडा जवळ ठेवावा आणि कामाला बसताना आधी त्यावर सी टाकून लाल रंग येतो का ते पाहावे. तो आला नाही तर त्या दिवशीची सीची सर्व नकारात्मक उत्तरे निरर्थक आहेत.

थेंब कुठे टाकला याला थेंब कोणता टाकला याइतकेच महत्त्व आहे. कायकाची वरची साल आणि आतला पांढरा, कापसासारखा गाभा यांत वेगवेगळी संयुगे असतात, म्हणून धारदार पात्याने सालीचा अगदी पातळ पापुद्रा खरवडून गाभा उघडा करावा आणि दोन्हींवर स्वतंत्र चाचणी घ्यावी. थेंब भिंगाखाली, काचेच्या अगदी बारीक नळीने सोडावा आणि किमान मिनिटभर नजर हलवू नये. अ‍ॅट्रॅनोरिन असलेली साल केने पिवळी होते आणि पिवळीच राहते. नॉरस्टिक्टिक किंवा सॅलॅझिनिक आम्ल असलेला गाभा मात्र आधी पिवळा होऊन नंतर रक्तासारखा लाल पडतो, आणि नॉरस्टिक्टिक आम्लाच्या बाबतीत तोच छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास लाल सुयांसारखे स्फटिक तयार होताना दिसतात. पहिल्या पाच सेकंदांत उत्तर लिहून मोकळा होणारा निरीक्षक नेमका हाच फरक गमावतो. झँथोरिया पॅरिएटिनासारख्या नारिंगी शैवाकात पॅरिएटिन असल्याने केचा जांभळट लाल रंग तत्काळ उमटतो. नवख्याने हात बसवण्यासाठी हीच जाती घ्यावी.

पॅराफेनिलिनडायअमाइन विषारी असून त्वचेला तीव्र अ‍ॅलर्जी देते आणि कागद, कपडे, लाकूड यांवर कायमचे डाग पाडते. त्याची पूड उडू देऊ नये, हातमोजे घालावेत आणि नमुन्याच्या पाकिटावर ती चाचणी कधीही करू नये. अल्कोहोलातील द्रावण एक दिवसही धड टिकत नाही. १ ग्रॅम पॅराफेनिलिनडायअमाइन आणि १० ग्रॅम सोडियम सल्फाइट १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून धुण्याच्या द्रवाचे काही थेंब घातलेले स्टायनरचे द्रावण महिनोन्‌महिने चालते. नमुना लहान असेल तर तुकडा गाळणकागदावर ठेवून त्यावर अ‍ॅसिटोनचे थेंब सोडावेत. अ‍ॅसिटोन उडून गेल्यावर कागदावर उरलेल्या अर्कावर चाचणी घेता येते आणि नमुना वाचतो.

अतिनील दिव्याची चाचणी सर्वांत स्वस्त आहे आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. दीर्घ तरंगलांबीच्या प्रकाशात स्क्वामॅटिक आम्ल निळसर पांढरे आणि लायकेझॅन्थोन झगझगीत पिवळे चमकते, आणि यात नमुन्याला कसलाही धक्का लागत नाही.

अ‍ॅसिटोन अर्क आणि टीएलसी

थेंबाचा रंग संयुगांच्या गटाविषयी सांगतो. नेमके संयुग कोणते, हे सांगण्यासाठी पातळ थराची क्रोमॅटोग्राफी, म्हणजे टीएलसी, लागते. शैवाकांसाठी तिचे प्रमाणीकरण चिचिटा कल्बर्सन आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास केले, आणि महागडी उपकरणे आली तरी ही पद्धत टिकून आहे. काही मिलिमीटरचा स्वच्छ तुकडा लहान काचेच्या नळीत घेऊन त्यावर अ‍ॅसिटोनचे काही थेंब घालावेत आणि काही मिनिटे थांबावे. उतरलेला अर्क केशनळीने सिलिकाच्या पट्टीवर आखलेल्या रेषेवर थोडा थोडा, प्रत्येक वेळी वाळू देत, लावावा; ठिपका पसरट झाला तर शेजारची संयुगे एकमेकांत मिसळतात. त्याच पट्टीवर अ‍ॅट्रॅनोरिन आणि नॉरस्टिक्टिक आम्ल असलेला माहितीतला अर्क दोन-तीन ठिकाणी लावावा, कारण ठिपका किती उंच चढला हे तापमान आणि आर्द्रतेनुसार बदलते आणि निष्कर्ष या दोन खुणांच्या तुलनेतच काढायचा असतो.

एकाच द्रावकावर भरवसा ठेवू नये. सी या नावानेच ओळखला जाणारा (पण वरच्या सी अभिकर्मकाशी संबंध नसलेला) टोल्युईन आणि अ‍ॅसेटिक आम्ल यांचा १७०:३० प्रमाणातील द्रावक सुरुवातीला सोयीचा असतो. शंका उरल्यास ए आणि बी या इतर प्रमाणित द्रावकांत तीच तुलना पुन्हा करावी. पट्टी वाळल्यावर ती आधी साध्या प्रकाशात, मग आखूड आणि दीर्घ अतिनील प्रकाशात पाहून पेन्सिलीने ठिपके घेरावेत. त्यानंतर १० टक्के सल्फ्युरिक आम्ल फवारावे. पट्टी ओली असतानाच मेदाम्लांचे ठिपके न भिजता पांढुरके उठून दिसतात आणि तापवल्यावर ते नाहीसे होतात, म्हणून येथे घाई नको. शेवटी ११० अंश सेल्सियसला तापवून उमटलेले रंग नोंदवावेत. टोल्युईन, आम्ल आणि फवारा यांमुळे हे सर्व काम धूरकपाटातच करावे.

नळीत उरलेला तुकडा फेकू नये. अ‍ॅसिटोनने धुतल्यामुळे पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेत) अडथळा आणणारी बरीचशी संयुगे त्यातून निघून गेलेली असतात, आणि तोच तुकडा वाळवून डीएनएसाठी वापरला की रसायन आणि डीएनएचा अनुक्रम यांचा संबंध वादातीत राहतो. वेगळ्या तुकड्यांवर केलेल्या दोन चाचण्या जुळल्या नाहीत, तर चूक कुठे आहे हे सांगण्याचा मार्गच उरत नाही.

डीएनए

कवकांसाठी सर्वमान्य ओळखखूण म्हणून आयटीएस हा डीएनएचा भाग २०१२ मध्ये सुचवला गेला आणि शैवाकांच्या बहुतेक कामाची सुरुवात आजही त्यानेच होते. निर्जंतुक चिमट्याने स्वच्छ फलकाय किंवा कडेचा निरोगी भाग घ्यावा, डाग किंवा गाठी असलेला भाग टाळावा, आणि आयटीएस१एफ व आयटीएस४ ही प्रायमरांची (प्रती काढायला सुरुवात करून देणाऱ्या डीएनएच्या लहान तुकड्यांची) जोडी वापरून पाहावी. शैवलासाठी वेगळे प्रायमर लागतात. अनुक्रमाचा आलेख वाचताना एका जागी दोन शिखरे वारंवार दिसली तर मिश्र डीएनए आला आहे असे समजून काम पुन्हा करावे. संगणकाने सुचवलेले अक्षर निमूट स्वीकारू नये.

जेनबँक या डीएनए अनुक्रमांच्या सार्वजनिक संग्रहात शोध घेतल्यावर सर्वांत वर येणारे नाव म्हणजे ओळख नव्हे. तेथे चुकीच्या नावाने जमा झालेले अनुक्रम बरेच आहेत, आणि अमुक टक्के साम्य म्हणजे एक जाती असा सर्व वंशांना लागू पडणारा आकडाही नाही. जुळणाऱ्या अनुक्रमामागे संग्रहातील नमुना आहे का, तो कोणी ओळखला आणि जुळणी पूर्ण लांबीची आहे का हे पाहून जवळच्या जातींसह वंशवृक्ष काढावा. जातींच्या सीमा ठरवायच्या असतील तर मायटोकाँड्रियाचा एसएसयू, एमसीएम७ किंवा आरपीबी१ यांसारखी आणखी जनुके जोडावीत.

पुरावे भांडू लागतात तेव्हा

स्युडेव्हर्निया फर्फ्युरेसियाच्या काही कायकांत ऑलिव्हेटोरिक आम्ल असते व त्यांचा गाभा सीने लाल होतो, तर काहींत फिजोडिक आम्ल असते व तसा रंग येत नाही. पूर्वी यांना वेगळी नावे दिली जात. अनुक्रमांच्या अभ्यासात मात्र ही विभागणी टिकली नाही. थॅम्नोलियातही थॅम्नोलिक आम्लाचे आणि अतिनील प्रकाशात चमकणारे असे दोन रासायनिक गट आहेत, पण ते जनुकीय गटांशी जुळत नाहीत. उलट उदाहरण कोरा या वंशाचे आहे: दीर्घकाळ एकच मानल्या गेलेल्या जातीत २०१४ मध्ये किमान १२६ जाती असल्याचे दाखवले गेले, आणि मग पुन्हा निरखून पाहिल्यावर रूपातले फरकही दिसू लागले. म्हणून डीएनएचा निकाल हाती आल्यावर भिंगाकडे परत जावे.

नव्या निष्कर्षांना सरसकट लागू करण्याचा मोहही आवरावा. ब्रायोरियाच्या तपकिरी आणि पिवळसर रूपांतील मुख्य कवक सारखेच असूनही पिवळ्या रूपात व्हल्पिनिक आम्ल भरपूर असते, आणि तेथे सालीतील बॅसिडिओमायसीट (कवकांच्या एका मोठ्या गटातील) यीस्टचे प्रमाण जास्त आहे, हे २०१६ मध्ये समोर आले. यीस्ट हा सर्वच शैवाकांचा तिसरा भागीदार आहे असे त्यानंतर उत्साहाने लिहिले गेले; परंतु २०१९ मध्ये ३३९ जातींच्या व्यापक पाहणीत ती यीस्टे फार थोड्या जातींत सापडली.

जनुक सापडले म्हणजे संयुग असेलच, हेही गृहीत धरू नये. अ‍ॅट्रॅनोरिन घडवणारा जनुकसमूह २०२१ मध्ये स्टिरिओकॉलॉन या शैवाकातून घेऊन दुसऱ्या कवकात चालवून दाखवला गेला, तेव्हा कुठे त्याचे कार्य सिद्ध झाले. शैवाक-कवकांच्या जीनोममध्ये असे समूह ज्ञात संयुगांपेक्षा कितीतरी अधिक असतात आणि त्यांतील बहुतेकांचे उत्पादन अज्ञात आहे. त्यामुळे जीनोम हाती असला तरी टीएलसीची पट्टी चालवावीच.

नोंदीत अखेरीस एकाच क्रमांकाखाली नमुन्याचे पाकीट, छायाचित्र, थेंब चाचण्यांचे साल आणि गाभा यांचे वेगवेगळे निकाल, टीएलसीचे द्रावक व ठिपके आणि अनुक्रमाचा जेनबँक क्रमांक असावा. जाती निश्चित होत नसेल तर वंशापर्यंतच नाव लिहून नमुना मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा, आणि पाकिटावर कोणता तुकडा कोणत्या चाचणीसाठी काढला हे पेन्सिलीने लिहावे, कारण शाई अ‍ॅसिटोनने पुसली जाते.