गोधडीचे तुकडे जमिनीवरून भिंतीवर

सदाशिव पेठेतील आमच्या दोन खोल्यांत गोधडीचे तुकडे जमिनीवर मांडले, की येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येत आणि रंगसंगती दुरून पाहता येत नसे. म्हणून ४ फूट बाय ३ फुटांचे दोन सनबोर्ड (फोमचे हलके, ताठ फळे) आणून त्यांवर आधी जुनी सुती चादर ताणली. तिच्यावर एकही तुकडा टिकला नाही, कारण सुती तुकड्याला धरून ठेवायला कापडाला लव हवी. मग पांढरे फलालीन, लव बाहेरच्या बाजूला ठेवून, मागे चिकटपट्टीने पक्के केले. बोर्ड किंचित मागे कलते ठेवल्यावर सुटे तुकडे टाचणीविना राहतात; शिवलेले जड चौकोन मात्र टाचावेच लागतात. मागून चिकटपट्टीचीच बिजागरी केल्याने दोन्ही बोर्ड मिटून कपाटामागे सरकवता येतात (सासूबाईंची अट!).