नट-बोल्ट घेताना या चुका टाळा, चकाकी बघून भुलू नका

दुकानात जाऊन "दहाचे चार द्या" म्हणायचं आणि समोरचा जे हातावर ठेवेल ते खिशात टाकून यायचं, इथूनच गडबड सुरू होते. कारण एम१० मध्ये (१० मिमी जाडीचा बोल्ट) नेहमीचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.५ मिमी असतो पण १.२५ चे बारीक आटेपण मिळतात, आणि चुकीचा नट पहिले दोन फेरे मस्त फिरतो मग अडकतो, आपल्याला वाटतं गंज असेल, पाना लावून जोर केला की आटे गेलेच. हाताने फिरेना तर तिथेच थांबा. इंची बोल्ट अजून फसवे, ५/१६ म्हणजे ७.९४ मिमी, डोळ्याला सरळ एम८ दिसतो. त्यापेक्षा जुना बोल्ट सोबतच न्या ना.

दुसरी आणि खरी महागात पडणारी चूक म्हणजे बोल्टच्या डोक्यावरचा आकडा, म्हणजे त्याचा ग्रेड, न वाचणं. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे ताण सहन करायची ताकद साधारण ८०० मेगापास्कल (ताण मोजायचं माप) आणि नंतरचा .८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांना, ६४० च्या आसपास, बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो. ४.६ वाला हाच हिशोब केला तर ४०० आणि २४० वर येतो, दिसायला दोघं जुळे भाऊ! डोक्यावर काहीच नसेल तर साधा एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंड) समजा, रॅकला चालेल, ब्रेक-सस्पेन्शनला अजिबात नको. आकडा आहे पण बनवणाऱ्याची खूण नाही, तरी संशय घ्याच. हलक्या स्टीलवर ग्रेड ८ च्या (हा तिकडचा इंची बोल्टांचा मजबूत ग्रेड) खुणा मारलेले बोल्ट १९८० च्या दशकात अमेरिकेत बाजारात इतके आले होते की १९९० मध्ये त्यावर खास कायदा करावा लागला.

एसएस (स्टेनलेस स्टील) म्हणजे जास्त मजबूत, हा पण गैरसमज. ए२-७० या ग्रेडचा एसएस बोल्ट ७०० मेगापास्कललाच संपतो, म्हणजे ८.८ पेक्षा कमीच, त्याचे पैसे गंजापासून वाचायचे आहेत. वर एसएसवर एसएस नट मशीनने जोरात फिरवला की दोघं एकमेकांना चिकटून बसतात आणि मग कापावंच लागतं, म्हणून थोडं अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) लावून सावकाश फिरवा.

आता घ्यायचे कुठून? दोन-चार नग हवेत तर जवळचं हार्डवेअर, नगाला जास्त पडतं पण हातात घेऊन बघता तरी येतं. पन्नास-शंभर लागणार असतील तर फक्त फास्टनर ठेवणाऱ्या डीलरकडून कंपनीचा बंद डबा घ्या, भाव उतरतो आणि डब्यावर ग्रेड छापलेला असतो. भाव विचारताना नट-वॉशर धरून विचारा, आणि एक किलोवर सांगतो दुसरा नगावर, ते आधी एका मापात आणा. ऑनलाईन मिळणारा शेकडो नगांचा मिक्स डबा मीही घेतलाय, ग्रेडचा पत्ता नाही आणि लागते तीच साईज सगळ्यात आधी संपते, बाकीचे अजून तसेच पडलेत.

बोल्ट ८.८ चा घेतला की नटवरपण ८ बघा, हलका नट लावला तर बोल्ट शाबूत राहतो आणि नटाचे आटे सोलून निघतात. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले) घेत असाल तर नट-बोल्ट जोडीनेच घ्या, जाड थरामुळे त्याच्या नटाचे आटे मोठे कापलेले असतात, साधा नट त्यावर चढतच नाही.