वाकलेल्या भिंती, पांढरे पडलेले वेदरिंग: रेल्वे मॉडेलची इमारत करताना या चुका टाळा

रेल्वे मॉडेलची एखादी इमारत वेदरिंगसह (रंगाने दाखवलेल्या जुनेपणासह) पूर्ण झाल्यावर खोटी वाटू लागली, की बहुतेक जण रंगाला दोष देतात आणि वरून आणखी एक थर चढवतात. प्रत्यक्षात शेवटी दिसणारा दोष बहुधा दोन-तीन टप्पे आधीच घडलेला असतो. भिंतीला आतून आधार देण्यापूर्वी ती भिजवलेली असते, लाकडाला रंग मुरवण्यापूर्वी त्याला गोंद लागलेला असतो, किंवा ज्या वार्निशवर अल्कोहोल चालत नाही त्यावर ते फिरवलेले असते. म्हणून येथे दोष जिथे दिसतो तिथून मागे जात तो कुठे घडला, याचा विचार केला आहे. उदाहरणासाठी वाफेच्या इंजिनांच्या काळातला, साइडिंगलगतचा (मुख्य मार्गाच्या बाजूच्या रुळालगतचा) लाकडी मालधक्का घेतला असून मापे एचओ, म्हणजे १:८७ या प्रमाणाची आहेत.

भिंत वाकते आणि कोपरे फिके राहतात

एक-दीड मिलिमीटर जाडीच्या, बासवूड या मऊ लाकडाच्या भिंतीला एकाच बाजूने पाण्यातला रंग दिला, की त्या बाजूचे तंतू फुगतात, सुकताना आकसतात आणि भिंत बाक घेते. भिंत उभी केल्यावर ती आपोआप सरळ होईल ही आशा व्यर्थ असते, कारण तेव्हा तो बाक कोपऱ्यांच्या सांध्यांवर ताण देऊ लागतो. रंगाची बाटली उघडण्याआधीच भिंतीच्या आतल्या बाजूला, लाकडाच्या रेषांना आडव्या अशा तीन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या चिकटवाव्यात आणि रंग दोन्ही बाजूंना द्यावा. भिंत आधीच वाकली असेल, तर तिची आत गेलेली बाजू किंचित ओली करून ती दोन सपाट काचांमध्ये वजनाखाली रात्रभर ठेवल्यास बहुतेक वेळा सुधारते.

कोपऱ्यांवर दिसणारे फिके चट्टे ही वेगळी तक्रार आहे. पांढरा गोंद लाकडाची छिद्रे बुजवतो, त्यामुळे तेथे मुरणारा रंग शिरत नाही, आणि त्याचे कितीही हात दिले तरी चट्टा फिकाच राहतो. उपाय सोपा आहे: फळ्या, पट्ट्या आणि चौकटी जोडण्यापूर्वीच रंगवाव्यात. झालेल्या चट्ट्यावर मात्र मुरणारा रंग सोडून अपारदर्शक रंगाचा पातळ हात द्यावा, किंवा ती जागा छपराचे पाणी उतरवणाऱ्या नळाखाली लपवावी.

स्टायरीन प्लास्टिकच्या भिंती पाण्याने वाकत नाहीत, पण दोन जाड शीट एकमेकांवर चिकटवताना मध्ये अडकलेला सॉल्व्हंट हळूहळू बाहेर पडू पाहतो आणि कित्येक दिवसांनी भिंत वळू लागते. आतल्या शीटला थोडी छिद्रे पाडून ठेवल्यास त्याला वाट मिळते.

खिडक्यांच्या बाबतीत चूक जवळजवळ नेहमी क्रमाचीच असते. सुपरग्लूची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसून काच पांढुरकी करते, आणि मॅट वार्निशचा फवाराही तेच करतो. म्हणून वार्निश पूर्ण झाल्यावरच काचा बसवाव्यात आणि त्यांना पांढराच गोंद वापरावा.

प्रमाण बिघडते ते लहान गोष्टींत

इमारतीची लांबी-रुंदी सहसा बरोबर असते. चुकते ते तपशिलांत. दोन मीटर उंचीचा दरवाजा १:८७ मध्ये २३ मिलिमीटर होतो. विटांच्या दरजा प्रत्यक्षात साधारण १० मिलिमीटर असतात, म्हणजे मॉडेलवर त्यांची रुंदी ०.१ मिलिमीटरच्या जवळपास उरते; त्या शुभ्र रंगवल्या, तर भिंतीवर वीट दिसण्याऐवजी पांढरी जाळी दिसते. दरजांसाठी राखाडी किंवा मळकट पिवळसर रंग घ्यावा आणि विटांचा पृष्ठभाग लगेच पुसून काढावा. खिळ्यांचे तेच. खिळ्याचे डोके या प्रमाणात टाचणीच्या टोकाएवढेही नसते, तरीही अनेक मॉडेलांवर ते पलीकडच्या टेबलावरून मोजता येतात. खिळे दाखवायचेच असतील, तर ते भिंतीतल्या उभ्या खांबांच्या रेषेवर असावेत. खांबांमधले अंतर ४०० मिलिमीटर धरले, तर मॉडेलवर ते सुमारे ४.६ मिलिमीटर येते. १:१६० च्या एन प्रमाणात खिळे पूर्णपणे वगळावेत, असे माझे मत आहे.

मालधक्क्याची उंची आणि रुळापासूनचे अंतर केवळ नजरेने ठरवू नये. बॉक्सकारचा (बंद मालडब्याचा) मजला रूळमाथ्यापासून साधारण १.१ मीटर उंच असतो, म्हणजे धक्का साडेबारा मिलिमीटरच्या आसपास येतो. रूळ वळणावर असेल, तर लांब डब्याचा मधला भाग वळणाच्या आतील बाजूला आणि टोके बाहेरील बाजूला झुकतात. त्यामुळे सरळ रुळावर पुरेसे वाटलेले अंतर तेथे अपुरे पडते. इमारत पायावर चिकटवण्यापूर्वी आपल्याकडचा सर्वांत लांब डबा हाताने ढकलून पाहणे, हीच खरी चाचणी होय.

वॉश, वार्निश आणि पावडर: क्रम चुकला की सर्व चुकते

सर्वाधिक तक्रारी याच टप्प्यावर येतात. इंडिया इंकचे थोडे थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळून केलेला वॉश, म्हणजे अगदी पातळ रंग, फळ्यांच्या खाचांत सुरेख उतरतो. परंतु हाच वॉश लॅकर प्रकारच्या मॅट वार्निशवर दिला, तर अल्कोहोल ते वार्निश मऊ करते आणि सुकताना भिंतीवर पांढरी झाक उमटते. घाबरून ती खरवडू नये. पूर्ण सुकू द्यावे आणि वार्निशचा आणखी एक हलका फवारा द्यावा. झाक बहुधा नाहीशी होते. काही कारागीर विटलेला जुना रंग दाखवण्यासाठी हाच परिणाम मुद्दाम घडवतात, पण तो एखाद्या टाकाऊ तुकड्यावर आजमावल्याशिवाय मॉडेलवर करू नये. दमट हवेत फवारल्यामुळे वार्निश पांढरे पडणे हा याहून वेगळा प्रकार आहे: तेथे दोष ओलाव्याचा असतो, आणि कोरड्या दिवसाची वाट पाहणे हाच त्यावरचा उपाय आहे.

अल्कोहोलचा दुसरा धोका असा, की ते ॲक्रिलिक रंगालाही मऊ करते. वॉश ब्रशने घासत बसल्यास खालचा रंग सुटून येतो. एकदाच, वरून खाली हात फिरवावा आणि बाजूला व्हावे. इनॅमल (तेलाधारित) वॉश वापरणाऱ्यांनी तो ॲक्रिलिकवर द्यावा. इनॅमलच्याच ताज्या थरावर इनॅमल वॉश दिला, तर पातळक खालचा थरही विरघळवते. सपाट भिंतीवर वॉशच्या कडेला भरती-ओहोटीसारख्या रेषा उरल्या, तर पातळकात किंचित भिजवलेल्या ब्रशने त्या खालच्या दिशेने ओढून घ्याव्यात. त्यांचेच पावसाचे ओघळ होतात.

सोललेला रंग दाखवताना हेअरस्प्रेची पद्धत अनेकांना फसवते. लाकडाच्या रंगावर हेअरस्प्रे, त्यावर ॲक्रिलिक, आणि मग ओल्या ब्रशने वरचा थर उडवणे, इतकीच ती आहे. मात्र वरचा रंग जाड दिला किंवा एक रात्र तसाच ठेवला, तर तो उडतच नाही. रंग हाताला कोरडा लागताच काम सुरू करावे.

पिगमेंट पावडर (कोरड्या रंगाची भुकटी) सर्वांत शेवटी यावी. ती छान बसली असे वाटते, मग मॅट वार्निशचा फवारा बसतो आणि अर्धी पावडर दिसेनाशी होते. वार्निशमध्ये भिजल्यावर तिचा कोरडा, भुरका रंगच नाहीसा होतो, हे त्याचे कारण. प्रदर्शनातल्या, हात न लागणाऱ्या डायोरामावर (देखाव्याच्या मॉडेलवर) पावडर तशीच ठेवावी हे उत्तम. हात लागणार असेल, तर दूरवरून हलके फवारे देत दोन-तीन वेळा पावडर लावावी. पावडर आणि फवारा या दोन्हींसाठी मास्क हवा, आणि अल्कोहोल ज्वलनशील आहे याचे भान हवे.

प्रत्येक डागाला कारण हवे

तंत्र निर्दोष असूनही इमारत खोटी वाटते, तेव्हा डाग सर्वत्र सारखे पसरलेले असतात. खऱ्या भिंतीवर ऊन, पाणी, धूर आणि माणसांचे हात यांचे ठसे वेगवेगळ्या जागी उमटतात. रंग न दिलेले लाकूड उन्हापावसात करडे होते, कारण अतिनील किरणांनी लाकडातले लिग्निन विघटित होते आणि पाऊस ते धुऊन नेतो. पण वळचणीखालच्या फळ्या तपकिरीच राहतात. संपूर्ण भिंत एकसारखी करडी रंगवणारा हा फरक हरवून बसतो. पागोळ्या जिथे पडतात तिथली माती उडून भिंतीच्या तळाला चिकटते आणि प्रत्यक्षातला अर्धा-पाऊण मीटरचा हा पट्टा मॉडेलवर सहा ते नऊ मिलिमीटरचा होतो. मालधक्क्याच्या रुळाकडच्या वळचणीवर इंजिनांची काजळी असते, तर रस्त्याकडच्या बाजूला धूळ. दोन्ही बाजू एकाच हाताने रंगवलेल्या दिसल्या, की भ्रम तुटतो. धक्क्याच्या फळ्या दारासमोर, जिथून हातगाड्या फिरतात तिथे, झिजून फिक्या झालेल्या असतात आणि दाराच्या चौकटीच्या कडा टवके उडून बोथट झालेल्या असतात.

गंजाबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. भडक नारिंगी हा ताज्या गंजाचा रंग असून जुना गंज गडद तपकिरी असतो. जस्ताचा मुलामा दिलेला पन्हळी पत्रा प्रथम नुसता निस्तेज करडा होतो आणि मग कापलेल्या कडा, एकमेकांवर चढलेले भाग व खिळ्यांची छिद्रे येथून गंजू लागतो. ओघळ तेथूनच उताराने खाली येतात. पत्रे खालच्या रांगेपासून वर बसवावेत, नाहीतर वरच्या रांगेची कड खालच्या रांगेखाली जाते आणि कागदावर का होईना, छप्पर गळते. शिवाय शुद्ध काळा रंग लहान प्रमाणात फार जड दिसतो, म्हणून डांबरी छपरालाही गडद राखाडीच द्यावा.

वेदरिंग लोकप्रिय करणाऱ्या आरंभीच्या मॉडेलकारांपैकी गोर अँड डॅफिटिड या रेल्वे मॉडेलच्या मांडणीचे निर्माते जॉन ॲलन हे छायाचित्रकार होते, ही गोष्ट मला सूचक वाटते. मॉडेलच्या उंचीवरून, डोळ्यांच्या पातळीत घेतलेले छायाचित्र फटी, गोंदाची चमक आणि अति झालेला गंज निर्दयपणे उघड करते. ते शेवटी काढण्यापेक्षा प्रत्येक टप्प्यानंतर काढावे.

जमिनीवर तरंगणारी इमारत

पायाखाली केसाएवढी जरी फट दिसली, तरी इमारत नुसती ठेवल्यासारखी वाटते. जमीन आधी सपाट करून तीत पायाच्या आकाराचा खळगा ठेवावा, इमारत त्यात बसवावी आणि कडेची माती, गवत व कचरा भिंतीपर्यंत नेऊन टेकवावा. पाया फोमचा असेल, तर त्यावर सॉल्व्हंटचा फवारा किंवा सुपरग्लू वापरू नये. दोन्ही फोम खातात. रुळांची खडी चिकटवताना गोंद थेंबाने वर गोळा होऊन खड्डे पाडत असेल, तर खडी आधी अल्कोहोलने भिजवावी आणि मग पांढरा गोंद व पाणी समप्रमाणात घेऊन ड्रॉपरने सोडावे. गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ मात्र गोंद जाऊ देऊ नये. स्टॅटिक ग्रासचे (विद्युतभाराने उभे केले जाणारे कृत्रिम गवत) सहा मिलिमीटरचे तंतू म्हणजे प्रत्यक्षात अर्ध्या मीटरहून उंच गवत, हे लक्षात ठेवून वर्दळीच्या जागी दोन मिलिमीटरचेच वापरावेत.

आत दिवे लावायचे असतील, तर भिंतींना आतून आधी काळा आणि त्यावर फिकट रंग द्यावा, कारण पातळ स्टायरीनमधून प्रकाश आरपार येतो आणि संपूर्ण भिंतच उजळते. कोपऱ्यातल्या फटी अंधाऱ्या खोलीत दिवा लावूनच सापडतात. ही तपासणी झाल्यावरही छप्पर कायमचे चिकटवू नये. एलईडी किंवा तार बिघडली, तर आत हात घालायला तीच एक वाट असते.